चार नित्य पदार्थ आणि अद्वैताचा आग्रह

यवतमाळच्या यशवंत खुशाल देशपांडे यांचा ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ हा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला. तरीही महाराष्ट्राचे तत्त्वज्ञान म्हणजे केवळ अद्वैत, असे सांगणारे पंडित आहेतच. चक्रधरांनी जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ नित्य आणि परस्परभिन्न मानले. यावर पंडितांचा आक्षेप असा की, मग विश्वाची एकता उरत नाही. आम्ही विचारतो, एकता म्हणजे एकच द्रव्य, हे ठरविले कोणी? कपाशी व तूर एकाच वावरात नांदतात. म्हणून त्यांचे बीज एक ठरत नाही. जीव स्वरूपतःच ब्रह्म असेल, तर बद्ध कोण आणि तारावयाचे कोणास? बंध हा भ्रम म्हणावा, तर तो झाला कोणास? भेद खरा आहे, म्हणूनच कृपेस अर्थ आहे. अद्वैत खुशाल मानावे. परंतु युक्तीने सिद्ध करून, महाराष्ट्राच्या नावावर खपवून नव्हे.