टॉवर एक, सिम वेगवेगळी. रेंज मिळणार कोणाला?

ई-पीक पाहणी करायची शेतात आणि रेंजसाठी पळायचं टेकडीवर, हे दुर्गम गावांत नेहमीचंच. शेजाऱ्याच्या फोनवर मात्र रेंजच्या पूर्ण काड्या, कारण त्याचं सिम दुसऱ्या कंपनीचं.

यावर केंद्राने १७ जानेवारी २०२५ रोजी ‘इंट्रा सर्कल रोमिंग’ सुरू केलं. डिजिटल भारत निधीच्या पैशातून उभ्या राहिलेल्या ४जी टॉवरवर बीएसएनएल, एअरटेल, जिओ यांपैकी कोणतंही सिम चालावं, अशी ही सोय. देशभरात असे टॉवर सुमारे २७ हजार, गावं ३५,४०० च्या वर.

मेख पुढेच आहे. कंपनीने स्वतःच्या पैशाने उभारलेला टॉवर यात येत नाही. शिवाय फोन आधी आपल्याच कंपनीचं नेटवर्क धरतो. लांबच्या टॉवरची एक काडी मिळाली तरी तिलाच चिकटून बसतो. म्हणजे दोन टॉवरच्या मधल्या शिवारात गोची जास्त. तिथे सेटिंगमधून दुसरं नेटवर्क हाताने निवडून बघता येतं, पण ते जोडलं जाईलच असं नाही.

आणि टॉवरची ताकद तेवढीच राहते. एकाच विहिरीवर तीन मोटारी बसवल्या म्हणून पाणी वाढत नाही. संध्याकाळी सगळे व्हिडिओ बघायला बसले की ओटीपीसुद्धा अडकू शकतो. गावचा टॉवर कोणाच्या पैशातला, हे ग्रामसभेत आधी विचारायला हवं.