देतांना माणूस, घेतांना घर

न्याय हा शब्द नुसता उच्चारावयाचा असतो तोंवर सर्वांचें एकमत असतें. मापावयास बसलें म्हणजे प्रत्येकाच्या हातीं निराळें माप दिसूं लागतें. ब्रिटनमध्यें कर, सरकारी साहाय्य आणि मजुरी या तीन गोष्टींविषयीं जो वाद वर्षानुवर्षें चालला आहे, त्याची गांठ आमच्या मतें येथेंच आहे. श्रीमंतांनीं किती द्यावें आणि गरिबांस किती मिळावें, एवढ्यापुरताच तो वाद सामान्यतः समजला जातो. परंतु त्याच्या पोटांत आणखी एक प्रश्न आहे, व एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस तो चटकन् उमगेल. तो प्रश्न असा कीं, मोजावयाचें कोणास? माणसास कीं घरास?

ब्रिटिश व्यवस्थेचें उत्तर तीन ठिकाणीं तीन प्रकारचें आहे. मजुरी तासावर मोजतात, कर माणसावर बसवितात आणि साहाय्य घर पाहून देतात.

प्रथम मजुरी घेऊं. १९९८ सालीं पार्लमेंटनें किमान वेतनाचा कायदा केला व १९९९ च्या एप्रिलपासून प्रौढ कामगारांस तासाला ३ पौंड ६० पेन्स हा दर लागू झाला. २०२५ च्या एप्रिलांत तो २१ वर्षें व त्यावरील वयाच्या कामगारांस १२ पौंड २१ पेन्स करण्यांत आला. हा कायदा हितकर आहे यांत शंका नाहीं. पण मजुराच्या घरीं खाणारीं तोंडें किती, हें तासाच्या दरास ठाऊक नसतें. ब्रह्मचाऱ्याची आणि पांच लेकरांच्या बापाची मजुरी एकच. हें वैगुण्य एलिनॉर रॅथबोन या विदुषीनें १९२४ सालीं एका ग्रंथांत सविस्तर मांडलें. मजुरीच्या दरानें मुलांची सोय लागत नाहीं, म्हणून त्यांचा भार सर्व समाजानें उचलावा, असें त्यांचें म्हणणें होतें. १९४५ सालीं तसा कायदा झाला व पहिलें मूल सोडून पुढील प्रत्येक मुलामागें आठवड्यास पांच शिलिंग देण्याचें ठरलें. मूळ विधेयकांत ही रक्कम बापाच्या हातीं जावयाची होती. रॅथबोनबाईंनीं झगडून ती आईच्या हातीं देवविली. प्रत्यक्ष पैसे मिळूं लागण्यापूर्वींच, १९४६ च्या जानेवारींत, त्या वारल्या.

आतां कर पाहूं. प्राप्तीवरील कर त्या देशांत प्रथम १७९९ सालीं, फ्रान्सशीं चाललेल्या युद्धाच्या खर्चासाठीं, धाकट्या पिटनें बसविला. पुढें १९९० च्या एप्रिलपर्यंत विवाहित स्त्रीची प्राप्ति सामान्यतः तिच्या पतीचीच मानली जाई व तिचा हिशेब पतीनें द्यावा अशी रीत होती. त्या वर्षापासून पतिपत्नी कराच्या कामीं स्वतंत्र झालीं. स्त्रीच्या प्रतिष्ठेच्या दृष्टीनें ही सुधारणा योग्यच झाली. आपण मिळविलेल्या पैशाचा हिशेब दुसऱ्यानें कां द्यावा? परंतु तिचा दुसराही परिणाम आहे. इंग्लंडांत २०२५-२६ सालीं प्रत्येकास वर्षाचे १२,५७० पौंड करमुक्त, तेथून ५०,२७० पर्यंत शेंकडा २० व त्यापुढें शेंकडा ४० असे दर होते. एका घरीं नवरा एकटाच ६०,००० पौंड मिळवितो व बायको मुलें सांभाळते. शेजारीं नवरा-बायको प्रत्येकीं ३०,००० मिळवितात. दोन्ही घरांची प्राप्ति सारखीच. तथापि पहिल्या घरास ११,४३२ पौंड कर पडतो, दुसऱ्यास दोघांचा मिळून ६,९७२. राष्ट्रीय विम्याची वर्गणी यांत धरलेली नाहीं.

साहाय्याच्या दारांत मात्र माप एकदम पालटतें. २०१२ च्या कायद्यानें निरनिराळीं साहाय्यें एकत्र करून ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ नांवाची योजना उभारली गेली. बेकारांप्रमाणेंच थोड्या मजुरीवर राबणाऱ्या कुटुंबांसही तिचा आधार आहे. येथें पतिपत्नींची कमाई एकत्र मोजतात, शिल्लकही एकत्र मोजतात. दोघांची मिळून शिल्लक १६,००० पौंडांपेक्षां जास्त असली तर कांहींच मिळत नाहीं. मुलेंबाळें असलेल्या कुटुंबास कमाईचा ठराविक भाग माफ असतो, पण तो भागही घरास एकच. नवऱ्याच्या मजुरींत तो संपला म्हणजे बायकोच्या पहिल्या पौंडापासूनच कपात सुरू होते. २०२१ च्या अखेरीपासून ही कपात पौंडामागें ५५ पेन्स आहे. अर्थात् कर न लागण्याइतकी थोडी मजुरी असली तरी तिनें दहा पौंड मिळविले तर घरांत साडेचारच वाढतात. उलटपक्षीं वर्षाला १,२५,१४० पौंडांपलीकडे प्राप्ति असणाऱ्यास पुढील प्रत्येक दहा पौंडांवर प्राप्तीचा कर साडेचार पौंड पडतो व साडेपांच उरतात. एकास कपात म्हणतात, दुसऱ्यास कर म्हणतात. पण त्या बाईस घरभाडें देतांना या नांवांतील भेदाचा कांहीं उपयोग होत नाहीं.

हीं दोन मापें एकमेकांवर आदळलीं तीं मुलांच्या भत्त्यांत. २०१३ च्या जानेवारीपासून असा नियम झाला कीं, आईबापांपैकीं कोणा एकाची प्राप्ति ५०,००० पौंडांपलीकडे गेली कीं भत्ता कराच्या रूपानें परत घ्यावयाचा व ६०,००० ला तो पुरता काढावयाचा. त्यामुळें दोघें मिळून एक लाख मिळविणाऱ्या घरास भत्ता पुरा, आणि एकट्याच्या साठ हजारांवर चालणाऱ्या घरास कांहींच नाहीं. २०२४ च्या एप्रिलांत या मर्यादा ६०,००० व ८०,००० करण्यांत आल्या. माप मात्र एकाच माणसाचें राहिलें. तत्कालीन अर्थमंत्र्यांनीं तें घराचें करण्याचें अभिवचन दिलें होतें. पुढें सरकार बदललें, आणि नव्या अर्थमंत्र्यांनीं त्याच वर्षीं ऑक्टोबरांत तो बेत सोडून दिला.

यावरून ब्रिटिश राज्यकर्त्यांस केवळ दोष देणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. दोन्ही मापांस आधार आहे. दोन चुलींपेक्षां एक चूल स्वस्त पडते, हें आमच्या वाचकांस कोणी शिकविण्याची जरूर नाहीं. तेव्हां साहाय्य देतांना घर पाहणें गैर नव्हे. तसेंच, घराची थैली एकाच्या हातीं असली तर इतरांस चार पैशांसाठीं तोंड वेंगाडावें लागतें, हेंही एकत्र कुटुंबांतील किती सुना व किती विधवा जाणून आहेत! म्हणून कर घेतांना माणूस पाहणेंही गैर नव्हे. गैर आहे तें इतकेंच कीं, कोणतें माप केव्हां लावावयाचें याचें तत्त्व न ठरवितां, सरकारास त्या त्या वेळीं जें सोयीचें तें लावणें.

तत्त्व पाहिजे असेल तर तें आमच्या धर्मशास्त्रकारांस अपरिचित नव्हतें. वडिलोपार्जित तें सर्वांचें, आणि सामायिक धनास धक्का न लावतां स्वकष्टानें मिळविलें तें ज्याचें त्याचें, हा भेद मिताक्षरेंत आहे. हिंदुस्थानांत इंग्रजी अमदानींतील १९२२ च्या आयकराच्या कायद्यानें हिंदु अविभक्त कुटुंब हा स्वतंत्र करदाता मानला, तो आजही मानला जातो. पण त्या कुटुंबांतील माणसाचा नोकरीचा पगार त्याच्याच नांवें मोजतात.

हा विवेक ब्रिटनच्या साहाय्यासही लावतां येईल. घरभाडें सामायिक आहे, तें घर पाहून द्यावें. स्वकष्टाची मजुरी ज्याची त्याची आहे. तेव्हां कपातींतून वगळावयाचा भाग नवऱ्यास निराळा व बायकोस निराळा असावा, म्हणजे तिच्या पहिल्या पौंडास कात्री लागणार नाहीं. आणि मुलाचा भत्ता मुलाचा आहे. तो आईच्या हातीं द्यावा व बापाच्या पगारावरून परत मागूं नये. श्रीमंतांच्या मुलांसही तो मिळेल अशी कोणी हरकत घेईल. त्यावर उत्तर हें कीं, श्रीमंतांपासून घ्यावयाचें तें सरळ कराच्या दरानें घ्यावें. त्यासाठीं मूल असलेल्या व नसलेल्या श्रीमंतांत भेद कां?

यास पैसा लागेल, आणि तो कोणीतरी दिलाच पाहिजे. परंतु आपल्याकडून घेतांना आणि आपणांस देतांना एकच तत्त्व लावलें जातें, एवढा भरंवसा असला म्हणजे माणूस कर भरतांना कुरकुरला तरी फसविलों गेलों असें म्हणत नाहीं. कोणतेंही राज्य, आणि कोणतेंही एकत्र घर, शेवटीं या भरंवशावरच चालतें.