माळाला ऊस नको, गवत लावा



गळीत हंगाम चालू असला की गोठ्यातल्या वैरणीची चिंता आपण करीत नाही. वाढे मिळतात. आपल्याच उसाचे वाढे टोळीकडून पेंढीला पैसे मोजून घ्यावे लागतात, ते असो. पण चार-पाच महिने नुसत्या वाढ्यावर जनावर ठेवणे बरे नव्हे. वाढ्यात ऑक्झॅलेट असते, ते अंगातला कॅल्शियम बांधून घेते. गाय दुधाला कमी येते, वेळेवर गाभण राहत नाही. चुन्याच्या निवळीचा उपाय सगळ्यांना ठाऊक आहे, करणारे थोडे. आणि कारखान्याचा पट्टा पडला की वाढेही संपतात. मग उन्हाळ्यात कडब्याचा भाव विचारत फिरायचे. १९७२ साल म्हाताऱ्यांना आठवते. २०१३ आणि २०१९ च्या छावण्या तर तरण्या पोरांनीही पाहिल्या आहेत.

आणि याच सभासदाच्या मालकीचा एक-दोन एकर मुरमाड माळ वर मोकळा पडलेला असतो. त्याचे काय करायचे म्हटले की पहिला विचार येतो पाइपलाइनचा. पाणी वर चढवू, ऊस लावू. वीतभर मातीखाली मुरूम, पाणी धरून ठेवत नाही, खोडवा दुसऱ्या वर्षी कंबरेइतकाही होत नाही, आणि कर्जाचा हप्ता मात्र पूर्ण वाढीचा. माझे स्पष्ट मत आहे की असल्या रानाला उसाचे पाणी दाखवूच नये. तिथे गवत लावावे.

‘गवत काय लावायचं, ते आपोआप उगवतं’ असे कोणी म्हणेल. आपोआप उगवते ती कुसळी. जनावर आधी चांगले गवत ओरबाडते. मारवेल, पवन्या, अंजन बी धरायच्या आत संपतात. कुसळीला कुसळ आले की तिला कोणी तोंड लावीत नाही, म्हणून तिचेच बी पडते. दहा वर्षे असे चालले की माळ कुसळीचा होतो. त्यात माघ-फाल्गुनात कोणीतरी काडी लावतो, राहिलेले बीही जळते. हा माळाचा दोष नाही.

नेपियरचे नाव इथे काढू नका. ते पाण्याचे आणि खताचे गवत, विहिरीजवळच्या बांधाला ठीक. माळाला मारवेल किंवा अंजन, आणि जोडीला स्टायलो हे द्विदल. गवताने पोट भरते, स्टायलोने प्रथिने मिळतात, शिवाय जमिनीत नत्र राहते. खोल नांगरट करू नये, मुरूम वर येतो. उताराला आडव्या उथळ सऱ्या पाडाव्यात, म्हणजे माती आणि पाणी दोन्ही अडेल. प्रेसमड कुजवलेला मिळाला तर सरीत टाकावा, थोडे सुपर फॉस्फेटही द्यावे, स्टायलोला ते मानवते. जूनचा पाऊस चांगला मुरला की मारवेलचे मुळ्यांसकट ठोंब लावावेत. अंजनाचे बी हलके, वाऱ्याने उडते. ओल्या मातीत कालवून टाकावे, आणि ते गेल्या वर्षीचे असावे, ताजे नीट उगवत नाही. स्टायलोचे बी टणक कवचाचे, रात्रभर भिजवावे, एकरी चारेक किलो पुरे. कोणतेही बी बोटाच्या पेराएवढेही खोल जाता कामा नये. बहुतेकांचे गवत इथेच फसते, आणि दोष बियाण्याला जातो.

एवढे काम एका पावसाळ्याचे. अवघड काम पुढे आहे. पहिल्या वर्षी त्या रानात एकही जनावर शिरता कामा नये. बी पडून गेल्यावर विळ्याने एकच कापणी, तीही टीचभर बुडखा ठेवून. दुसऱ्या वर्षापासून गवत फुलोऱ्याच्या सुमारास कापून गोठ्यात न्यावे. कडेने पाच-सहा हातांचा पट्टा मोकळा ठेवावा, वणवा आत येत नाही. आता एकट्याने राखले आणि शेजाऱ्याची मोकाट जनावरे रात्री आत सोडली तर सगळे मुसळ केरात. म्हणून शेजारच्या बांधकऱ्यांनी बसून ठरविले पाहिजे. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांनी चराईबंदी केली ती गावाच्या एकमताने. पोलीस बसवून नाही. ज्याच्याकडे दोनच शेळ्या आहेत आणि रान नाही, त्याला कापून नेण्याचा वाटा ठेवल्याशिवाय असली बंदी टिकत नाही, हेही तितकेच खरे.

आपल्या शेतकी खात्याला एक सूचना. उसाचे बेणे आपण बेणेमळ्यातून पुरवतो. तिथेच दहा गुंठे मारवेल लावून ठोंब तयार ठेवले तर खर्च किरकोळ आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मारवेलची सुधारित जात काढलेली आहे, पहिले ठोंब तिथून आणता येतील. वार्षिक सभेत हा विषय मी मांडणार आहे. ज्यांचा माळ पडून आहे त्यांनी आपला गट नंबर आणि क्षेत्र चिटबॉयकडे मे महिन्याच्या आत लिहून द्यावे, म्हणजे किती ठोंब लागतील याचा अंदाज येईल.

— एक ऊस उत्पादक सभासद