पावसाळा वगळून मोजलेला डोंगर

वाईच्या पश्चिमेला डोंगरउतारावर निवासी रिसॉर्टे व्हावीत, असा आग्रह धरणाऱ्या एका गृहस्थांनी नुकतेच आपले म्हणणे जाहीरपणे मांडले. ते थोडक्यात असे: पर्यावरणीय आघात मूल्यांकन हा कागदी सोपस्कार आहे, तो कायद्याप्रमाणे होतोच, इंग्रजांनी महाबळेश्वर वसवले तेव्हा कुणाला विचारले होते? खोऱ्यातल्या पोरांना काम हवे आहे, आणि विरोध करणारे सगळे पोट भरलेले शहरी लोक.

इंग्रजांनी विचारले नाही हे खरेच. म्हणून तर बेसुमार बांधकाम होऊन गेल्यावर, २००१ साली, महाबळेश्वर-पाचगणी परिसर केंद्र सरकारला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करावा लागला. रोजगाराचे म्हणाल तर माळी, पहारेकरी आणि भांडी घासणारी बाई यापलीकडची एक तरी जागा त्यांनी नावानिशी सांगावी. आणि पोट भरलेले कोण, हे त्या रिसॉर्टांतल्या बंगल्यांच्या किमतीच सांगतील.

‘कायद्याप्रमाणे होतेच’ हे वाक्य मात्र तसे सोडता येणार नाही. आघात मूल्यांकनाच्या १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटरपेक्षा कमी बांधकामाला पर्यावरणीय मंजुरीच लागत नाही. त्याहून मोठे, पण दीड लाख चौरस मीटरच्या आतले असेल, तर विहित अर्ज आणि संकल्पनात्मक आराखडा यांवर भागते. आणि बांधकाम प्रकल्प कितीही मोठा असो, नगरवसाहत असली तरी, जनसुनावणीतून त्याला सूट आहे. ज्याच्या विहिरीच्या वर डोंगर खोदायचा, त्याला विचारायचेच नाही, अशी ही तरतूद. डोंगराचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा मर्यादेच्या आत बसवायला फार हुशारीही लागत नाही.

जिथे अहवाल होतो, तिथे तो कसा होतो? सल्लागाराचे पैसे प्रकल्पवालाच देतो. हवा, पाणी, माती यांची पायाभूत माहिती एका ऋतूची घ्यायची, आणि तो ऋतू पावसाळा नसावा, ही रूढ पद्धत. सपाट माळावरच्या कारखान्याला ती कदाचित चालत असेल. कृष्णेच्या खोऱ्यात ती चालवणे हा गुन्हा आहे, आणि हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. घाट उतरून वाईत आलो की तो हजाराच्याही आत येतो. या तीस-बत्तीस किलोमीटरांत जे काही घडते, ते जून ते सप्टेंबरमध्ये घडते. माथ्यावरचा जांभा पाणी पितो, खालच्या कातळाच्या थरांवर ते अडते आणि आडवे सरकत झऱ्यांतून बाहेर पडते. धोम आणि बलकवडी धरणांत येणारे पाणी, वाड्यावस्त्यांच्या विहिरी, खालची भातखाचरे, सगळे त्यावर चालते. बंगल्याला सपाट जागा हवी म्हणून उताराचा पायथा कापला की त्या पाण्याची वाटही कापली जाते आणि वरच्या मातीचा आधार निघून जातो. मार्चमध्ये आलेल्या माणसाला यातले काय दिसणार? कोरडा ओढा, पिवळे गवत. तो लिहितो, ‘प्रकल्पस्थळी बारमाही प्रवाह नाही.’ वाक्य खरे असते आणि अहवाल खोटा ठरतो. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे डोंगर घरांवर आला. आपल्या वाई तालुक्यात देवरुखवाडीवर दरड कोसळली. तिथे तर एकही रिसॉर्ट नव्हते. न कापलेला डोंगर असा वागतो, तर कापलेला कसा वागेल हे पावसाळा न पाहता कोण सांगणार?

‘अशा अटींनी लवासा बुडाले,’ असेही ते गृहस्थ म्हणाले. लवासा या डोंगरी शहराला केंद्राची नोटीस २०१० च्या नोव्हेंबरात आली. तोवर मोसे खोऱ्यातले डोंगर कापून झाले होते. पुढच्या वर्षी पहिल्या टप्प्याला अटींसह मंजुरी मिळाली. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली २०१८ साली, कर्जापायी.

हा वाद जुनाच आहे. पश्चिम घाटावरचा तज्ज्ञांचा अहवाल २०११ साली सरकारकडे गेला आणि लोकांपुढे यायला २०१२ उजाडले. दरम्यान गावोगाव सांगितले गेले की आता गोठासुद्धा बांधता येणार नाही. निर्णय ग्रामसभेपासून सुरू करा, असे त्यात म्हटले होते, ते कुणी सांगितले नाही. आज ‘नवीन महाबळेश्वर’ या गिरिस्थान प्रकल्पाच्या आराखड्यात सातारा, जावळी, पाटणमधली दोनशेहून अधिक गावे आहेत, आणि तेव्हा बोललेली वाक्ये पुन्हा ऐकू येत आहेत.

मग हवे काय? मूल्यांकन एका प्लॉटचे नको, सगळ्या खोऱ्याचे हवे, आणि किमान एक पूर्ण पावसाळा धरून. सल्लागाराची फी प्रकल्पवाल्याने सरकारी निधीत भरावी, नेमणूक त्याने करू नये. मराठी अहवाल मंजुरीआधी ग्रामसभेत वाचला जावा. यासाठी कायदा बदलावा लागेल, त्याला वेळ लागेल. तोवर जोरपासून पसरणीपर्यंतच्या ग्रामसभांना एवढीच विनंती आहे: ना-हरकत दाखला मागायला कुणी आला, तर आधी त्या जागेची जुलैतली मोजणी मागा. ती नसेल तर ठराव करू नका.