बंदूक आणि खांदा

गडचिरोलीच्या जंगलात गेली पंचेचाळीस वर्षे जो हिंसाचार चालला, त्याची चर्चा बहुतेक वेळा विचारसरणी, पोलीस आणि सरकार या तीन शब्दांत उरकली जाते. बंदूक प्रत्यक्षात कोणी उचलली, हे विचारायचे राहूनच जाते. ती उचलणारे बव्हंशी कोवळ्या वयाचे, माडिया नाहीतर गोंड, आश्रमशाळा अर्ध्यावर सोडलेले. त्यांत मुलीही भरपूर. दलममध्ये, म्हणजे नक्षलवाद्यांच्या सशस्त्र तुकडीत, त्यांचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास असल्याचे अंदाज अनेकदा दिले गेले आहेत. गरिबीने मुले बंदुकीकडे वळतात म्हणावे, तर गरीब घरे महाराष्ट्रभर आहेत. आदिवासी म्हणून वळतात म्हणावे, तर नंदुरबार आणि मेळघाटही आदिवासीच आहेत. तरुण पुरुषांची रग म्हणावे, तर मुलींचे काय? जात-जमात, वर्ग आणि लिंगभाव हे तीन धागे एकमेकांत कसे पिळले गेले, ते या एका जिल्ह्यात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचित कुठे दिसेल.

हा जिल्हा चंद्रपुरातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, त्यातला तीन चतुर्थांश जंगल. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १०,७२,९४२ आणि त्यात अनुसूचित जमाती सुमारे ३८ टक्के. ही सरासरी फसवी आहे. उत्तरेकडे वडसा, आरमोरीकडे धानाची शेती, बाजारपेठ आणि झाडीपट्टीची नाटके. दक्षिणेकडे एटापल्ली, भामरागड म्हणजे माडियांचा मुलूख, जिथे पर्लकोटेला पूर आला की भामरागड आजही जगापासून तुटते. शासनदरबारी माडिया ही विशेष असुरक्षित आदिवासी जमात. गोंडांतही सगळे एका पायरीवर नाहीत. अहेरीचे आत्राम घराणे जमीनदारीतले. त्याच घराण्यातले धर्मरावबाबा आत्राम यांचे १९९१ मध्ये नक्षलवाद्यांनी अपहरण केले होते. ‘आदिवासी’ या एका शब्दाखाली राजवाडाही येतो आणि कुडाची झोपडीही, हे दुरून पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

आंध्रातला पीपल्स वॉर गट १९८० मध्ये स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्याची माणसे गोदावरी-प्राणहिता ओलांडून सिरोंच्याकडे आली. त्यांतला पेद्दी शंकर नोव्हेंबर १९८० मध्ये मोयाबीनपेठेजवळ पोलिसांच्या गोळीने मेला. या मंडळींना गावात थारा मिळाला तो माओच्या पुस्तकामुळे नव्हे. त्या काळी माडियांच्या दृष्टीने सरकार म्हणजे जंगल खात्याचा नाकेदार. जळाऊ लाकूड आणले तरी त्याची कोंबडी, घर बांधायला बल्ली तोडली तरी त्याची कोंबडी, आणि वर वेठीचे काम. पारधीला जाणे, म्हणजे ज्यावरून गावात तरुण पोराची पत ठरायची तेच, कायद्याने गुन्हा झाले होते. नक्षलवाद्यांनी आधी हात घातला तो या दुखऱ्या जागी. तेंदूपत्त्याच्या शंभर पुडक्यांचा दर आणि बल्लारपूरच्या कागद कारखान्यासाठी तोडायच्या बांबूचा दर त्यांनी धाकाने वाढवून घेतला.

तेंदूचा हंगाम कसा असतो ते पाहिले की दराचा अर्थ कळतो. मे महिन्यात पहाट फुटायच्या आत बाया आणि मुले जंगलात शिरतात. दुपारपर्यंत पानांचे गाठोडे डोक्यावर घेऊन परततात. मग ओसरीत बसून पान उलटसुलट बघत, फाटके-डागाळलेले बाजूला टाकत, मोजून एकावर एक लावून सालीच्या दोरीने पुडके बांधायचे. संध्याकाळी ते संकलन केंद्रावर न्यायचे आणि तिथल्या माणसाने ‘हे लहान, हे ओले’ म्हणत काही फेकून दिले की मुकाट्याने बघायचे. वर्षभरातली हातात येणारी रोकड बहुतेक एवढीच. या कामात हात बाईचे आणि पोरांचे, मोजणी मात्र परक्याची. वर्गाचा प्रश्न इथे पाठ्यपुस्तकातून शिकवावा लागला नाही.

पण ज्यांनी दर वाढवून दिला त्यांनी त्याच तेंदूच्या ठेकेदारांकडून खंडणीही घेतली, आणि ती चळवळीच्या उत्पन्नाचे मोठे साधन झाली. बंदुकीशिवायही दर मिळवता येतो हे धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने दाखवले. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क आणि २०११ मध्ये बांबूविक्रीचा अधिकार त्या ग्रामसभेने कागदावर मिळवला. पुढे जिल्ह्यातल्या हजाराहून अधिक गावांना असे हक्क मिळाले.

दलममध्ये कोण कुठल्या पायरीवर, हे हत्यार पाहून कळे. नव्या पोराला आधी नुसता पाठीवरचा पिट्टू आणि पावसात अंगावर ओढायला प्लॅस्टिकची झिल्ली. मग भरमार, म्हणजे तोंडातून दारू ठासायची गावठी बंदूक. पुढे बारा बोअर, थ्री-नॉट-थ्री, मग इन्सास किंवा एसएलआर, एके-४७ कमांडरकडे. या शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर माडिया आणि गोंडी ऐकू येई, वर जावे तशी तेलुगू. पॉलिट ब्युरोपर्यंत पोचलेला भूपती, म्हणजे मल्लोजुला वेणुगोपाल राव, तेलंगणातल्या पेद्दापल्लीचा, ब्राह्मण घरातला, पदवीधर. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी मर्दिनटोल्याच्या चकमकीत मारला गेलेला मिलिंद तेलतुंबडे यवतमाळ जिल्ह्यातल्या राजूरचा, कोळसा खाणीच्या कामगार चळवळीतून वर आलेला दलित कार्यकर्ता. म्हणजे नेतृत्व सगळे उच्चवर्णीय होते असेही नाही. मात्र ते माडिया नव्हते. चार दशकांत इतके गोंड-माडिया तरुण मेले, पण केंद्रीय समितीत त्यांची संख्या नगण्यच राहिली. खांदा यांचा, नेम दुसऱ्याचा.

हे दंडकारण्यापुरते खरे नाही. पेरूमध्ये ‘शायनिंग पाथ’ने सशस्त्र लढा सुरू केला तोही १९८० मध्येच. तिथला नेता आबिमाएल गुझमान तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक होता, आणि मेले ते डोंगरातले केचुआ शेतकरी. त्या देशाच्या सत्यशोधन आयोगाने २००३ मध्ये मृत व बेपत्ता झालेल्यांचा अंदाज सुमारे ६९,००० दिला, आणि बळींपैकी चारांतले तीन केचुआ किंवा दुसरी मूळनिवासी भाषा बोलणारे होते.

मुली दलममध्ये का गेल्या, याचे सर्वांत सोपे उत्तर ‘पळवून नेल्या’ असे दिले जाते. काही गावांत घरटी एक मूल देण्याची सक्ती झाली, हे खरेच. अल्पवयीनांची अशी भरती २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ खाली सक्तमजुरीचा गुन्हा आहे. पण सक्तीने सगळे उलगडत नाही. माडिया-गोंड समाजात बाईला मोकळीक फार, असे शहरी लेखकांनी कौतुकाने लिहून ठेवले आहे. निवड, नाच आणि फारकत यांत ती मोकळीक आहेही. पण मासिक पाळीचे दिवस गावाबाहेरच्या कुर्माघरात काढायचे, तिथे साप-विंचू आणि पावसाळ्यात गळके छप्पर. आत्या-मामाच्या घरात लग्न ठरले तर नाही म्हणायची सोय कमी. पाणी, सरपण, धान कुटणे सगळे तिच्याच डोक्यावर. गावात नाच-गाणी घेऊन आलेल्या चेतना नाट्य मंचात तिच्याच वयाच्या मुली पँट-शर्ट घालून, केस बांधून मोठ्यांसमोर बोलत होत्या. क्रांतिकारी आदिवासी महिला संघटनेने सक्तीचे लग्न आणि नवऱ्याची मारहाण यांविरुद्ध मोहिमा घेतल्या. घरातून निघायला दुसरा रस्ता नसलेल्या मुलीला जंगल हा रस्ता वाटला.

आत गेल्यावर कुर्माघर सुटले. पहारा मुलांइतकाच मुलींना, स्वयंपाक मुलांनाही. पण लग्नाला पक्षाची परवानगी लागे, आणि लग्नाआधी पुरुषाने नसबंदी करून घ्यायची असा दंडक होता, कारण तान्हे मूल घेऊन दलम चालू शकत नाही. म्हणजे आत्या-मामांनी ठरवायचे ते आता समितीने ठरवायचे. शरण आलेल्या कित्येक जोडप्यांनी पुढे नसबंदी उलटवण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. दलमच्या आतही पुरुषी अहंकार टिकून आहे, हे अनुराधा गांधी यांच्यासारख्या नेत्यांनी स्वतः नोंदवले होते. मुंबईच्या एल्फिन्स्टनमधून शिकलेल्या, नागपुरात प्राध्यापकी केलेल्या अनुराधा गांधी २००८ मध्ये मेंदूच्या मलेरियाने गेल्या. बाई म्हणून त्या आणि एखादी माडिया मुलगी एकाच संघटनेत होत्या; वर्ग आणि जमात मोजली की दोघींमध्ये अख्खा महाराष्ट्र होता.

मुलांचा प्रवास वेगळा. त्यांच्या बाबतीत पोलिसी मार, भावाची अटक, नाकेदाराने बापाला दिलेल्या शिव्या हे जास्त ऐकू येते. पारध गेली, तिची पत बंदुकीने भरून काढली. पण हीच पत खाकीतही मिळत होती. १९९० मध्ये तत्कालीन पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी साठ जवानांचे सी-६० पथक उभारले, ते स्थानिक, जंगल आणि बोली जाणणाऱ्या तरुणांचे. त्याचे ब्रीद ‘वीरभोग्या वसुंधरा’. पृथ्वी वीरांनी भोगायची. यात वसुंधरेचे मत कोणी विचारलेले नाही. साधारणतः बारावीपर्यंत पोचलेला मुलगा पोलीस भरतीच्या मैदानावर धावायला जातो, सातवी-आठवीत आश्रमशाळा सोडलेला गुरांमागे राहतो, आणि दलम त्याला तिथे गाठे. एकाच गावातली, कधी एकाच गोतातली मुले अशी समोरासमोर आली. कोण कुठल्या बाजूला जाणार, हे ठरवायला कधी चार-पाच इयत्तांचे अंतर पुरेसे झाले.

२००९ हे वर्ष पोलिसांना फार जड गेले. १ फेब्रुवारीला मरकेगाव, १५ जवान. २१ मे रोजी हत्तीगोटा, १६ मृत, त्यांत पाच महिला पोलीस. ८ ऑक्टोबरला लाहेरी, १७. उलट बाजूला २२ एप्रिल २०१८ च्या कसनसूर-बोरिया चकमकीत आणि तिच्या पाठोपाठच्या कारवाईत मिळून ४० नक्षलवादी मारले गेले. इंद्रावतीतून मृतदेह काढायला दिवस लागले. त्यांत अगदी नवखी मुले-मुली होती. काही गावकऱ्यांनी तर आमची मुले नक्षलवादी नव्हतीच, असा दावा केला. मर्दिनटोल्यात २६ मेले, त्यांत सहा स्त्रिया. दोन्ही यादींतली आडनावे शेजारी शेजारी ठेवली, तर मडावी, आत्राम, उसेंडी, नरोटे ही कुठल्या बाजूची, हे नुसते वाचून सांगता येणार नाही. आणि या दोन्ही यादींबाहेर शेकडो गावकरी आहेत, ‘खबऱ्या’ ठरवून रात्री घरातून बाहेर काढलेले. तेही बहुतेक आदिवासीच.

शेजारच्या चंद्रपुरात याच तीन धाग्यांचा वेगळाच पीळ दिसतो. तिथे जंगलाइतकीच कोळसा खाण, सिमेंट आणि वीज आहे. तरुणांची हिंसा दारू, वाळू आणि कोळशाच्या टोळ्यांभोवती फिरते. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरातल्या बायांनी २०१० मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत चालत जाऊन ती मागितली. नवऱ्याचा मार आणि मुलाची चाकूबाजी दोन्ही एकाच बाटलीतून येतात, हे त्यांना सांगावे लागले नव्हते. १ एप्रिल २०१५ रोजी बंदी आली, २०२१ मध्ये उठली. उठवताना शासनाने दिलेल्या कारणांत अवैध दारूच्या धंद्यात स्त्रिया आणि अल्पवयीन मुलांचा वाढलेला सहभाग हेही होते. पोलीस बाईची झडती सहसा घेत नाहीत आणि लहान मुलाला शिक्षा कमी, हे दारूवाल्यांना समाजशास्त्रज्ञांच्या आधी कळले होते. बंदी मागणारी आणि साडीखाली बाटल्या नेणारी, दोघी एकाच वस्तीतल्या.

आता जंगलातली बंदूक जवळजवळ थांबली आहे. १ जानेवारी २०२५ रोजी तारक्का शरण आली. अहेरी तालुक्यातली, १९८३ मध्ये दलममध्ये गेलेली, भूपतीची पत्नी. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी साठ साथीदारांसह भूपतीही आला. शरण आलेल्यांतल्या काहींना कोनसरीच्या लोह प्रकल्पात काम मिळाले आहे. त्याचे खनिज येते सुरजागडच्या डोंगरातून, जिथे डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी खाणीची पंच्याहत्तरहून अधिक वाहने जाळली होती.

दलममध्ये शिरताना पहिल्यांदा नाव बदलले जाई. आडनाव गळे, म्हणजे चार, पाच, सहा की सात देवांचे घराणे, सोयरीक कुठे जमते, हे सांगणारी खूणच पुसली जाई. शरणागतीनंतर आधार कार्ड, जातीचा दाखला आणि बँकेचे खाते काढायचे, तर तेच आडनाव पुन्हा लागते. पोलिसांच्या पत्रकात म्हणून ते आधी छापतात: विमला चंद्रा सिडाम, आणि मग, ऊर्फ तारक्का.