कुळाची भीती, भाडेकरूची परवड

जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने शाळेच्या गावी राहावं, हा नियम जुनाच. घरभाडे भत्ता हवा असेल तर मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव जोडा, असं २०१९च्या शासननिर्णयाने सांगितलं. पण राहायचं कुठे? गावात घरं आहेत. मालक पुण्या-मुंबईला गेले म्हणून कुलूप लागलेलीही आहेत. ती भाड्याने मिळत नाहीत. मिळालीच तर तोंडी बोलीवर.

यामागे जुनी धास्ती आहे. १९४८चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७चा कृषक दिन यांनी कसणाऱ्याला जमिनीचा मालक केलं. ते न्यायाचंच काम होतं. पण ‘लिहून दिलं की हक्क गेला’ ही समजूत गावात मुरली आणि शेतावरून घरावर आली. घराचं भाडं आणि शेतीची कूळवहिवाट या कायद्याने वेगळ्या गोष्टी आहेत, हे पटवून देण्याचं काम सरकारने कधी नेटाने केलं नाही.

कागद नसल्याचा जाच भाडेकरूला होतो. शिक्षक, परिचारिका निदान पगारदार आहेत. चाकण, रांजणगाव, बुटीबोरीच्या कारखान्यांभोवतीच्या गावांत एका खोलीत चौघे-पाचजण राहणाऱ्या कंत्राटी कामगाराने कोणाकडे पाहायचं? राज्याचा १९९९चा भाडे नियंत्रण कायदा अनुसूचीतल्या क्षेत्रांपुरता, म्हणजे मुख्यतः शहरांपुरता आहे. त्याबाहेरच्या गावात उरतो १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. महिन्याच्या बोलीवरच्या भाडेकरूला तो पंधरा दिवसांच्या नोटिशीचं संरक्षण देतो. पण ज्याला आपण भाडेकरू आहोत हेच सिद्ध करता येत नाही, त्याला तेवढंही मिळणं कठीण.

योजनांतही त्याला जागा नाही. ग्रामीण घरकुलाचे सपाट भागातले १ लाख २० हजार रुपये स्वतःचं घर बांधणाऱ्याला मिळतात. स्थलांतरित कामगारांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची २०२०ची केंद्रीय योजना आली ती शहरी आवास योजनेखाली. २०११च्या जनगणनेत ग्रामीण भारतातली ३.४ टक्के कुटुंबं भाड्याने राहत होती. टक्का लहान दिसतो. कुटुंबं मोजली तर ती ५० लाखांहून अधिक भरतात.

केंद्राने २०२१मध्ये आदर्श भाडेकरू कायदा राज्यांपुढे ठेवला. लेखी करार सक्तीचा आणि राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नाही, या त्यातल्या तरतुदी गावालाही हव्यात. मात्र वाद ऐकणारा अधिकारी त्यात उपजिल्हाधिकारी दर्जाचा आहे. एका दिवसाची मजुरी बुडवून कामगार तिथवर किती वेळा जाईल? गावासाठी ही सुनावणी तहसीलदारापाशीच झाली पाहिजे.

महाराष्ट्राने ग्रामीण भाडेकरूसाठी स्वतःचा छोटा, स्पष्ट कायदा करावा. एका पानाचा छापील मराठी करार आणि ग्रामपंचायतीत नाममात्र शुल्कात त्याची नोंद, एवढ्याने सुरुवात होईल. त्या पानावर सर्वांत वर ठळक अक्षरांत लिहावं : या करारामुळे मालकी वा कूळहक्क निर्माण होत नाही. त्याखाली भाडं, अनामत, मुदत आणि घर सोडण्याची नोटीस. सोबत, घरकुलाच्या निधीतला काही वाटा ग्रामपंचायतींना भाड्याच्या खोल्या बांधायला द्यावा. त्यांत पहिला हक्क परिचारिका, शिक्षक आणि बाहेरगावच्या मजुरांचा असावा.

घर परत मिळेल ही मालकाची खात्री आणि रात्रीतून सामान बाहेर फेकलं जाणार नाही ही भाडेकरूची खात्री, दोन्ही त्या एका पानावर मावतात. विधिमंडळाने ते पान लिहायला घ्यावं.