गोळी सुरू होते; थांबवायची कशी?

नैराश्यावरचे औषध सुरू करावे की नाही, यावर आपल्या घरांतून भरपूर खल होतो. ते थांबवायचे कसे, यावर होत नाही. ते एके दिवशी नुसते बंद होते. कारणे ठरलेली. बरे वाटू लागले, कुणा नातेवाइकाने 'सवय लागेल' अशी भीती घातली, नाहीतर घरात लग्न निघाले. माझ्या पाहण्यातल्या एका घरात मुलीची सोयरीक जुळली आणि गोळ्यांची पाकिटे सासरच्यांना दिसू नयेत म्हणून साखरपुड्याआधी औषध एकदम तोडले गेले. चौथ्या दिवसापासून चक्कर, मळमळ, भयानक स्वप्ने, आणि मान वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्याचा भास. घरच्यांनी ठरवून टाकले, आजार उलटला!

उलगडा मनोविकारतज्ज्ञांनी केला. उलटणारा आजार सहसा काही आठवड्यांनी, महिन्यांनी हळूहळू डोके वर काढतो. औषध तुटल्याचा त्रास काही दिवसांतच सुरू होतो, मूळ दुखण्यात नसलेली लक्षणे घेऊन येतो आणि गोळी पुन्हा सुरू केली की बहुधा लवकर ओसरतो. पॅरॉक्सेटिन, व्हेनलाफॅक्सिन ही औषधे शरीरातून झपाट्याने बाहेर पडतात, म्हणून त्यांचा त्रास अधिक; फ्लुओक्सेटिन रेंगाळते, म्हणून कमी. आपल्या 'सवय' या शब्दानेही घोळ केला आहे. दारूसारखी ओढ या गोळ्यांची लागत नाही, पण शरीर त्यांना सरावते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

डॉक्टरमंडळींनाही हे मान्य करायला वेळ लागला. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ सायकियाट्रिस्ट्सच्या तत्कालीन अध्यक्षांनी २०१८ मध्ये 'टाइम्स'ला लिहिलेल्या पत्रात बहुतेकांचा त्रास दोन आठवड्यांत संपतो असे म्हटले होते. रुग्णांनी आणि काही संशोधकांनी गदारोळ केला. मे २०१९ मध्ये याच संस्थेने भूमिका बदलून काहींना तीव्र व दीर्घ त्रास होतो, हे मान्य केले. त्रास नेमका कितीजणांना होतो, यावर वाद आहे. 'लॅन्सेट सायकियाट्री'तील २०२४ च्या आढाव्यानुसार औषध थांबवणाऱ्या सुमारे ३१ टक्के लोकांना लक्षणे जाणवली. पण नकली गोळी थांबवणाऱ्यांतही १७ टक्क्यांना जाणवली. तीव्र त्रास सुमारे ३५ जणांत एकाला. माझ्या मते घबराट पसरवण्याजोगा हा आकडा नाही, आणि झटकून टाकण्याजोगाही नाही.

गंमत शेवटच्या टप्प्यात आहे. सिटालोप्रामच्या २० मिलिग्रॅमने मेंदूतील संबंधित जागांपैकी सुमारे ८० टक्के व्यापल्या जातात, तर ५ मिलिग्रॅमनेही ६० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे वीसवरून पाचवर येणे ही लहान पायरी, आणि पाचावरून शून्यावर येणे ही कड्यावरून उडी. होरोविट्झ आणि टेलर यांनी २०१९ मध्ये हे मांडले. म्हणून प्रत्येक वेळी उरलेल्या मात्रेचा काही हिस्सा कमी करत, शेवटी अगदी बारीक मात्रेपर्यंत उतरायचे. कित्येकांना यास काही महिने लागतात. एकाआड एक दिवस गोळी घेणे ही आपल्याकडची लाडकी युक्ती अंगाशी येते, कारण रक्तातली पातळी रोज वरखाली होते. काही कॅप्सूल व सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या तोडायच्या, कुटायच्या नसतात. हे डॉक्टरांना विचारूनच.

आणि सगळ्यांनी थांबवावेच असेही नाही. इंग्लंडमध्ये बरे वाटत असलेल्या ४७८ दीर्घकालीन रुग्णांच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषध थांबवणाऱ्यांपैकी ५६ टक्क्यांचे नैराश्य वर्षभरात परतले. चालू ठेवणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांचे.

घरच्यांनी काय करावे? लग्नकार्य, परीक्षा, बाळंतपण अशा धामधुमीत स्वतःहून मात्रा कमी करायला लावू नये. वहीत तारीख, मात्रा, झोप आणि लक्षणे लिहून ठेवावीत व ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. त्रास वाढला तर आधीच्या मात्रेवर परतण्याबद्दल त्यांना विचारावे. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार बोलून दाखवले, तर माणसाला एकटे सोडू नये आणि लगेच रुग्णालय गाठावे; सरकारची 'टेलिमानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मिळते, मराठीतूनही.